घर नाकारले तर दाद कुठे मागायची? अमेरिकेतील ‘हड’ खात्याची ओळख

नाव ऐकताच घरमालकाचा सूर बदलणे, ‘फ्लॅट गेला’ असे सांगणे, एजंटने ठरावीक मोहल्ल्यातलीच घरे दाखवणे, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. शिक्षण आणि नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलामुलींनाही घर शोधावेच लागते. तिथे धर्मावरून घर नाकारले तर सरकारदरबारी तक्रार घेणारे एक केंद्रीय खाते आहे. त्याचे नाव गृहनिर्माण आणि नागरी विकास खाते. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘हड’ म्हणतात.

स्थापना

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात, 1965 मध्ये हे खाते सुरू झाले. त्याचे पहिले मंत्री रॉबर्ट वीव्हर. अमेरिकेच्या मंत्रिमंडळात बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय. त्याआधी घरकर्जाला हमी देणारी सरकारी यंत्रणाच कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना ‘धोकादायक’ ठरवून हमी नाकारायची. 1934 मध्ये स्थापन झालेली ती यंत्रणा नंतर ‘हड’मध्येच आली. म्हणजे सरकारने स्वतः केलेला अन्याय दूर करण्याचे कामही या खात्याकडे आले.

4 एप्रिल 1968 रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि अवघ्या आठवडाभरात, 11 एप्रिलला, समान गृहहक्क कायद्यावर सही झाली. वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश यांवरून घर विकायला वा भाड्याने द्यायला नकार देणे बेकायदा ठरले. 1974 मध्ये लिंग, तर 1988 मध्ये अपंगत्व आणि लहान मुले असलेले कुटुंब या बाबींची भर पडली.

खाते करते काय?

‘हड’ स्वतः घरे बांधत बसत नाही. पैसा, नियम आणि देखरेख ही त्याची मुख्य कामे. गरीब कुटुंबांसाठी भाड्याचे व्हाउचर असते. कुटुंबाने साधारणपणे उत्पन्नाच्या 30 टक्के भरायचे, उरलेले भाडे स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरण घरमालकाला देते. पण प्रतीक्षा यादी लांबलचक असते आणि विद्यार्थी किंवा तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना ही मदत मिळत नाही.

दुसरे काम वस्ती विकासाचे. 1974 पासून शहरांना आणि राज्यांना यासाठी अनुदान मिळते. रस्ते, गटारे, समाजकेंद्रे, जुन्या घरांची दुरुस्ती अशा कामांवर ते खर्च होते. यातला किमान 70 टक्के निधी कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडला पाहिजे, अशी अट आहे. खर्चाचा आराखडा करताना जनसुनावणी घ्यावी लागते. तिथे जो बोलतो, त्याची वस्ती यादीत येण्याची शक्यता वाढते. जो घरी बसतो, त्याची राहून जाते.

तक्रार कशी करायची?

भेदभाव झाल्यापासून एका वर्षाच्या आत ‘हड’कडे तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही आणि नागरिकत्वाची अटही नाही. फोन, ऑनलाइन किंवा टपाल, कोणताही मार्ग चालतो. काही वेळा प्रकरण त्या राज्याच्या यंत्रणेकडे पाठवले जाते. चौकशी साधारण 100 दिवसांत संपवावी असे कायदा सांगतो, मात्र उशीर होऊ शकतो. मध्येच तडजोडीचा प्रयत्न होतो. तथ्य आढळले तर प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशांपुढे किंवा फेडरल न्यायालयात जाते. थेट न्यायालयात जायचे असेल तर मुदत 2 वर्षांची आहे. तक्रार केली म्हणून भाडेकरूला त्रास देणे हाही गुन्हाच धरला जातो.

म्हणून मेसेज, ईमेल, जाहिरातीचा फोटो, तारीख आणि बोलणाऱ्याचे नाव जपून ठेवावे. पुराव्याशिवाय संशय सिद्ध करणे अवघड जाते.

पळवाटाही आहेत

मालक स्वतः राहत असलेल्या, चार किंवा त्याहून कमी घरांच्या इमारतीला बऱ्याच अंशी सूट आहे. तरीही ‘अमुक धर्माचे नकोत’ अशी जाहिरात मात्र त्यालाही करता येत नाही. धार्मिक संस्था आपल्या बिगर-व्यापारी निवासात स्वधर्मीयांना प्राधान्य देऊ शकतात.

आपल्याकडे काय?

भारतात केंद्राचे गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालय आहे, पंतप्रधान आवास योजना आहे. पण खासगी घर धर्मावरून नाकारले तर चौकशी करणारा असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. उलट 2005 मध्ये एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा उपनियम सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला.

अमेरिकेतही कायद्याने भेदभाव संपलेला नाही. पण तिथे नकार मिळालेल्या माणसाच्या हातात एक अर्ज तरी आहे. आपल्याकडे घरांच्या योजनांची चर्चा खूप होते. या अर्जाची मागणीही आपण आपल्या आमदार-खासदारांपुढे ठेवायला हवी, असे आम्हाला वाटते.