गादी : राजाची, नदाफाची आणि दुकानातली

साताऱ्यात ‘गादी’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी राजवाडा येतो, कापूस नंतर. ‘सातारची गादी’, ‘कोल्हापूरची गादी’ हे शब्दप्रयोग आपल्या इतिहासलेखनात इतके रुळले आहेत, की त्यांत एक अंथरण्याची वस्तू दडलेली आहे हे कुणाच्या ध्यानीही येत नाही. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) दोन्ही अर्थ सुखाने एकत्र नांदतात. इतिहासकारांनी मात्र त्यांतला एकच उचलला. दुसरा राहून गेला, आणि आम्हांला रस आहे तो ह्या दुसऱ्यात.

तरीही पहिल्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. रायगडावरचे सिंहासन १६८९ मध्ये गडाबरोबरच गेले. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला, तेव्हापासून सार्वभौमत्वाला लोकांनी जे नाव दिले ते सिंहासनापेक्षा गादीचे. पेशवा कितीही प्रबळ झाला तरी पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच यावी लागत. १७३१ च्या वारणेच्या तहाने एका घराण्याच्या दोन गाद्या मान्य झाल्या. सप्टेंबर १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले. रात्री राजवाड्यास वेढा पडला आणि महाराजांना शेजेवरून उठवून पालखीत घातले, असे सांगतात. पुढे काशीस १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले. १८४८ मध्ये अप्पासाहेब महाराज वारले, डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि राज्य खालसा झाले. एवढी सगळी उलथापालथ ज्या नावाने झाली, ते नाव मुळात कापूस भरून शिवलेल्या एका पिशवीचे आहे. सिंहासन घडवायला सोनार लागतो, गादीला पिंजारी पुरतो.

आता ह्या दुसऱ्या गादीकडे वळू.

जुन्या सातारा जिल्ह्यातला बहुसंख्य माणूस गादीवर निजतच नव्हता. माण, खटाव, जत, आटपाडी ह्या दुष्काळी पट्ट्यात अंथरूण म्हणजे घोंगडी. मेंढरे धनगरांची, विणणारे सनगर, आणि विणलेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देऊन आणलेला तो कडकपणा. नवी घोंगडी अंगाला टोचते. वापराने मऊ होते, आणि मऊ होईतो निम्मी झिजलेली असते. कृष्णाकाठच्या बागायती गावांतून वाकळ असे. जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक घालून बाईने उन्हाळ्याच्या दुपारी घातलेल्या टाक्यांची. ही दोन्ही अंथरुणे गुंडाळून वळकटी करता येते, खांद्यावर टाकून गाव सोडता येतो. गादी माणसाला असे हलू देत नाही. जिला एक जागा लागते, माळा किंवा पलंग लागतो, ती वस्तू स्थिरावलेल्या घराचीच असायची. म्हणून वाड्यांत गादी होती, पेढीवर होती. सांगलीच्या हळदपेठेत व्यापारी पांढऱ्या खोळीच्या गादीवर तक्क्याला टेकून बसत. आणि सामान्य घरात ती असलीच तर एखादी, पाहुण्यांसाठी, विशेषतः जावयासाठी, वर्षभर घडी घालून ठेवलेली.

ती बनवणारा दारी यायचा. पिंजाऱ्याला आपल्याकडे नदाफ म्हणतात. शब्द मूळचा अरबी, अर्थ कापूस पिंजणारा. सातारा-सांगली-कोल्हापुरात ते आडनावच होऊन बसले आहे. खांद्यावर पिंजण, म्हणजे माणसाहून लांब असे धनुष्य, त्याला तात बांधलेली. लाकडी ठोकळ्याने ती छेडली की जो टणत्कार उठायचा तो आळीतल्या सर्वांना कळायचा. गादी उसवायची, वर्षानुवर्षांच्या भाराने ढेकूळ झालेला कापूस काढायचा, उन्हात घालायचा, पिंजायचा, कमी भरेल तेवढा नवा घालायचा, खोळीत समपातळीत पसरायचा आणि दाभणाने जाड दोऱ्याचे टाके घालून बांधायचा. दहा-बारा किलो कापसाची एकेरी गादी पुन्हा नव्यासारखी फुगून उठायची. त्या काळी ‘नवी गादी घेणे’ हा प्रसंग आयुष्यात फार थोड्या वेळा येई. बाकी वेळा जुनीच नवी होई. लग्नात एकदा, आणि मृत्यूनंतर शय्यादानात एकदा. ही दुसरी, गेलेल्या माणसाच्या नावाने दान म्हणून दिलेली.

इथे एका गोष्टीवर आम्हांला जरा थांबायचे आहे, कारण अंथरुणाच्या आठवणी काढताना ती हमखास गाळली जाते. सोवळ्याच्या हिशोबात लोकर विटाळत नाही, सूत विटाळते. शिवाय लुगडे धुता येते, गादी धुता येत नाही. म्हणून महिन्याचे ते दिवस ‘बाजूला’ बसलेल्या बाईला गादी वर्ज्य, आणि तिच्या वाट्याला घोंगडी किंवा कांबळे. विधवेला तर ती कायमचीच वर्ज्य. विधवेने पलंगावर निजू नये हा काशीखंडातला दंडक घरोघरी पाळला जाई. ज्या वाड्यात मुसलमान नदाफाने अंगणात बसून भरलेली गादी बिनतक्रार माजघरात जात होती, त्याच वाड्यातली सून चार दिवस तिला स्पर्श करू शकत नव्हती. शुद्धाशुद्धाचे हे गणित कापसाचे नव्हते, हे उघड आहे. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढले आणि नाना जातींची मुले एका छपराखाली राहू, जेवू, निजू लागली. त्या घटनेचे मोल जेवणाच्या पंगतीवरून नेहमी सांगितले जाते. शेजारी शेजारी पडलेल्या अंथरुणांवरूनही ते सांगायला हवे.

घरातली ही बंधने सैल पडत गेली त्याला शिक्षण कारण आहेच. पण फोमच्या गादीचाही त्यात थोडा हात असावा, असे आमचे मत आहे. तिच्याशी कोणतीच परंपरा जोडलेली नव्हती. १९२९ च्या सुमारास इंग्लंडात डनलॉप कंपनीत रबराचा चीक फेसाळून त्याची गादी करण्याची युक्ती निघाली. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर ह्यांच्या संशोधनातून पॉलियुरेथेन आले, आणि आजचा स्वस्त फोम त्यातून. मधल्या काळात नारळाच्या काथ्याला रबराने सांधून केलेली टणक गादी आपल्याकडे आली. मराठी घरात ह्या सगळ्याला बराच काळ एकच नाव होते, ‘डनलॉप’.

दुकानात गेल्यावर मात्र नाव पुरत नाही. नदाफ काय घालतो ते डोळ्यांसमोर दिसे. दुकानातल्या गादीचे पोट शिवलेले असते आणि वर सांगितली जाते ती फक्त हमीची वर्षे. आम्ही नवी गादी घ्यायला निघालो तेव्हा विक्रेत्यांना एकच प्रश्न विचारत गेलो, आत काय आहे? फोमची घनता किती, घनमीटरला ३२ किलो की ४०? की तुकडे चिकटवून दाबलेला फोम? उत्तर न देणाऱ्याचे दुकान सोडावे, एवढा एक व्यावहारिक सल्ला ह्या लेखातून वाचकांनी घ्यायला हरकत नाही. दुसराही एक आहे. पाठ दुखते म्हणून फळीसारखे टणक अंथरूण घ्यावे ही समजूत वडीलधाऱ्यांपासून डॉक्टरांपर्यंत सर्वांची होती. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ने स्पेनमधल्या ३१३ रुग्णांवरचा एक अभ्यास छापला, जुनाट कंबरदुखीच्या त्या रुग्णांना टणकपेक्षा मध्यम टणक गादीवर अधिक आराम पडला होता. चांगली भरलेली कापसाची गादी पहिली काही वर्षे साधारण तशीच असते, असे आम्हांला वाटते. पण तसा कापूस आता सहजी मिळत नाही. गादीला लागतो तो गावरान, आखूड आणि जाड धाग्याचा कापूस, जो लवकर दबत नाही. २००२ मध्ये बीटी वाणांना परवानगी मिळाल्यावर लांब धाग्याच्या कापसाने शिवार व्यापले, गावरान मागे पडला. गादीत पुष्कळदा येते ते गिरण्यांचे उरलेसुरले. पिंजणाच्या जागी यंत्र आले आहे. ते काम झपाट्याने करते, धागा मात्र अधिक तुटतो.

सांगलीकरांना निवड करायला आणखी एक कारण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी आहे ४५. पाणी ओसरल्यावर गल्लोगल्ली घरांपुढे जे ढीग पडले त्यांत पुस्तके होती, धान्य होते, आणि गाद्या होत्या. भिजलेली कापसाची गादी चार माणसांना उचलत नाही. एरवी तिची थोरवी हीच, की उसवून, वाळवून, पिंजून ती पुन्हा भरता येते. पण पुराचा गाळ एकदा कापसात शिरला की नदाफाचेही काही चालत नाही. फोमचीही गत तीच, फक्त ती उचलायला हलकी. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले. नदीजवळच्या पेठांतून तेव्हा अनेकांनी पहिल्या मजल्यावर आधी नेल्या त्या गाद्याच. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या, प्लॅस्टिकची वेष्टणे अजून न काढलेल्या.