लिस्बन : ऋतुमान आणि पर्यटन

लिस्बन ही पोर्तुगालची राजधानी व अटलांटिक किनाऱ्यालगतचे ऐतिहासिक बंदर. तेझू (टेगस) नदीच्या मुखाजवळ, उत्तर काठावरच्या टेकड्यांवर ते वसले आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजीचा भूकंप, पाठोपाठ आलेली त्सुनामी आणि आगी यांत शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. मंत्री पोंबाल यांच्या देखरेखीखाली सखल भागातील बाइशा सरळ, काटकोनी रस्त्यांनी नव्याने आखली गेली. आल्फामातील अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्या बऱ्याच अंशी वाचल्या, तर कार्मो मठाचे चर्च आजही बिनछपराचे उभे आहे.

येथील हवामान भूमध्यसागरी प्रकारचे आहे. कोकणात उन्हाळ्याच्या शेवटी पाऊस येतो. याउलट लिस्बनमध्ये उन्हाळा कोरडा जातो आणि पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल या काळात पडतो.

वसंतात २५ एप्रिल हा राष्ट्रीय सुटीचा दिवस येतो. १९७४ साली याच दिवशी लष्करी उठावाने हुकूमशाही संपली. सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी खोवलेली कार्नेशनची लाल फुले या दिवशी अजूनही मिरवतात. गोवेकरांसाठीही ही घटना महत्त्वाची आहे, कारण गोव्याच्या भारतातील विलीनीकरणाला पोर्तुगालने मान्यता दिली ती या सत्तांतरानंतरच.

मेच्या उत्तरार्धात नीलमोहर फुलतो आणि जून उजाडताच वस्त्यावस्त्यांत पताका लागतात. संत अँथनी यांचा जन्म लिस्बनचा. १२ जूनच्या रात्री त्यांच्या उत्सवाला भरती येते. आल्फामाच्या गल्ल्यांत दारोदारी निखाऱ्यांवर सार्डिन मासे भाजले जातात आणि ते पावाच्या तुकड्यावर ठेवून खातात. प्रियजनांना कुंडीतले ‘मांजेरिकू’ भेट देतात. तुळशीच्याच कुळातल्या या रोपात कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली असते. त्याला नाक न लावता तळहात फिरवून हाताचा वास घ्यायचा, असा रिवाज आहे. शहर पाहण्यास हाच काळ सर्वोत्तम. मात्र राहण्याची सोय फार आधी करावी लागते.

जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते, पण दुपारनंतर ‘नोर्तादा’ हा उत्तरेचा वारा सुटतो. जवळच्या कश्काइशच्या किनाऱ्यावर गर्दी उसळते. समुद्राचे पाणी तेव्हाही गारच असते.

शरदात भाजलेल्या चेस्टनटच्या गाड्या लागतात. ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या दिवशी चेस्टनट व नवी वाइन यांचा बेत ठरलेला. हिवाळा सौम्य असला, तरी पावसात चुनखडीच्या चिऱ्यांचे गुळगुळीत पदपथ निसरडे होतात. चढ-उतारांवर खाच असलेल्या तळव्यांचेच बूट वापरावेत. गर्दी ओसरलेली असल्याने बेलें येथील जेरोनिमोस मठ या दिवसांत निवांत पाहता येतो. १५२४ मध्ये कोचीन येथे मरण पावलेल्या वास्को द गामाची समाधी तेथेच आहे. सोमवारी हा मठ बंद असतो.