कोसा विणकाम, भंडारा जिल्हा

रानरेशमाच्या, म्हणजे कोशाच्या धाग्याचे हातमागावरील विणकाम. भंडारा शहर, मोहाडी, आंधळगाव व पवनी ही त्याची जिल्ह्यातील मुख्य ठिकाणे. आज हे कापड ओळखले जाते ते करवतकाठी साडीमुळे. पण मराठी घरांत कोसा शिरला तो देवघराच्या वाटेने. पूजेला, श्राद्धाला, नैवेद्याच्या स्वयंपाकाला नेसायचे सोवळे रेशमाचे चाले. सुती वस्त्र रोज धुऊन, कोणाचा हात न लागता वाळवावे लागे. मुकट्याला, म्हणजे सोवळ्याच्या रेशमी वस्त्राला, ही अट सैल होती. रोजच्या धुण्यातून सुटल्यामुळे एकच मुकटा वर्षानुवर्षे टिके.

कोसा देणारा किडा (अँथेरिया मायलिटा) घरात पाळता येत नाही. तो ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर वाढतो. त्याच्या एका स्थानिक वाणाला शास्त्रीय लेखनात ‘भंडारा’ असेच नाव आहे. किडे झाडावर चढवणे, पाला संपला की दुसऱ्या झाडावर हलवणे, पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यापासून राखणे, ही कामे परंपरेने ढिवर समाजाची. तळ्यांत मासेमारी आणि पावसाळ्यापासून जंगलात कोसा, असे त्यांचे वर्ष विभागलेले. कोशाला फांदीशी बांधणारा कडक देठ किडा स्वतःच तयार करतो. कवच इतके घट्ट की क्षाराच्या पाण्यात उकळल्याशिवाय धागा सुटत नाही. मग बायका मांडीवर वळ देत सूत काढीत. या कामाला श्रमाच्या मानाने फार थोडा मोबदला मिळाला. कापडाच्या वर्णनांतही या बायका क्वचितच दिसतात.

विणकर मुख्यतः कोष्टी. मोहाडीचे चौंडेश्वरी मंदिर प्रसिद्ध आहे आणि चौंडेश्वरी ही कोष्ट्यांची कुलदेवता. हलबा-कोष्टी विणकरांच्या अनुसूचित जमातीच्या दाव्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2000 साली विरुद्ध निकाल दिला. विदर्भाच्या राजकारणात तो प्रश्न अजून जिवंत आहे. पवनीचे नाव मात्र कोशापेक्षा रेशीमकाठी सुती कापडासाठी अधिक होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये या कापडाचे विणकाम तिथला मुख्य धंदा म्हणून नोंदले आहे. नागपूरला 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीच्या सुतापुढे हातसुताचा टिकाव लागला नाही. हातमाग टिकले, पण सुतासाठी बाजारावर विसंबून.

करवतकाठी. कोशाचे अंग आणि वेगळ्या रंगाचे, बहुधा सुती काठ, अशी ही बांधणी. जिथे दोन्ही भेटतात तिथे करवतीच्या दात्यांसारखी त्रिकोणांची रांग उमटते. खड्ड्याच्या मागावर तीन धोटे चालतात: दोन काठांचे दोन, अंगाचा एक. दर फेरीला काठाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, अंगाच्या बाण्यात अडकवून परत फिरवावा लागतो, म्हणून विणकराच्या जोडीला मदतनीस लागतो आणि काम फार सावकाश पुढे सरकते. कोशाचा मधासारखा रंग मुळातलाच. करवतकाठी साड्या व कापडाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

घरगुती वस्त्रांचा असा वारसा जपण्याचे ठळक उदाहरण स्वीडनचे आहे. तिथली घरातली वस्त्रे, म्हणजे मेजपोस, टॉवेल, चादरी, जवसाच्या खोडातून काढलेल्या धाग्याची. मुलीच्या लग्नासाठी ती विणून, नावाची अक्षरे भरून पेटीत साठवली जात. लिली झिकरमन यांनी 1899 मध्ये हस्तव्यवसायांची संघटना उभारली आणि पुढे जुन्या विणीच्या नोंदी घेत देशभर प्रवास केला. जवस भंडाऱ्यातही पिकते, धानाच्या बांधीत उतेरा म्हणून, म्हणजे उभ्या धानातच पेरून. मात्र इथे त्याचे तेलच काढतात, खोडाचे सूत होत नाही. झिकरमन यांच्यासारखी पाहणी इथे करायची तर संग्रहालयाआधी देवघरातल्या खुंट्या आणि जुन्या पेट्या उघडाव्या लागतील.

रेशीम विकासासाठी राज्याने 1997 मध्ये नागपूरला स्वतंत्र संचालनालय स्थापन केले. धोतर, साडी, टॉवेल, चादर असे ठरावीक प्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा केंद्राचा कायदा 1985 चा आहे. यंत्रमागाची नक्कल त्याने थांबलेली नाही. ओळखायची खूण सोपी आहे. काठ उलटून पाहावा. हातमागाच्या करवतीत काठाचा रंग निखळ राहतो आणि सांध्यावर बाणे एकमेकांत गुंतलेले दिसतात. यंत्रावरच्या नकलेत एकच बाणा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो, त्यामुळे काठात अंगाचा रंग मिसळून तो मळकट दिसतो. छापील करवतीत तर मागच्या बाजूला दाते फिकटच असतात.