भोगीच्या भाजीची उलटी गणती : हिवाळ्यात घरी भाजी कधी लावायची आणि कधी काढायची?

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी असते. साधारण १३ जानेवारीला, एखाद्या वर्षी १४ला. त्या दिवशी घराघरांत गाजर, वांगं, पावटा, मटार, ओला हरभरा असं सगळं एकत्र करून तिळाचं कूट घातलेली भाजी होते. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. दुसऱ्या दिवशी सुगडातही गाजर, बोरं, ऊस आणि हरभऱ्याचे घाटे असतात.

आता ही यादी नीट बघा. यातलं जवळपास सगळं जानेवारीच्या मध्यावर आपल्याकडे शेतात तयार असतं. म्हणजे भोगीची भाजी ही एका अर्थानं हिवाळी काढणीचं कॅलेंडरच आहे.

पण घरी भाजी लावणाऱ्यांचं गणित नेमकं इथेच चुकतं. थंडी पडली, स्वेटर बाहेर निघाले, की आपल्याला कुंड्या आठवतात. तोवर डिसेंबर उजाडलेला असतो. मग गाजर बोटाएवढं असतानाच फेब्रुवारीचं ऊन तापायला लागतं आणि कोथिंबिरीला पानांऐवजी फुलं येतात. दोष बियांचा नसतो, मातीचाही नसतो. तारीख चुकलेली असते.

म्हणून आज सुरुवात शेवटापासून करू. आधी काढणीची तारीख ठरवायची आणि तिथून दिवस मागे मोजायचे.

थंडीच का लागते?

गाजर, मटार, पालक, मेथी, कोबी, फ्लॉवर ही सगळी थंड हवेची पिकं. गाजराला रंग आणि आकार चांगला येतो तो साधारण १५ ते २० अंश तापमानात. मटारची फुलं उन्हाळ्यात गळून जातात. पालक आणि कोथिंबीर यांना दिवस मोठा आणि गरम व्हायला लागला की बी धरायची घाई होते. मग पानं लहान आणि चरबट होतात, मधून दांडा वर येतो.

आपल्याकडे थंडीचे दिवस मोजकेच असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे अडीच-तीन महिने. त्यातही सगळीकडची थंडी सारखी नाही. जानेवारीत पुण्यात रात्रीचं सरासरी तापमान १०-१२ अंशांवर येतं, मुंबईत मात्र ते १७-१८च्या घरात राहतं. त्यामुळे नाशिक, पुणे, नागपूर या भागांत मटार आणि फ्लॉवर जमतात, पण मुंबई-कोकणात त्यांच्या मागे लागण्यापेक्षा वाल, मुळा, लाल माठ, वांगी यांची संगत बरी. रायगडमध्ये हिवाळ्यात पोपटी लावतात ती वालाच्याच शेंगांची, ती काही उगीच नाही.

आता उलटी गणती

१३ जानेवारी ही काढणीची तारीख धरली तर पेरणी साधारण अशी येते :

- वाल किंवा पावटा (१०० ते १२० दिवस) : सप्टेंबर. याच्या जुन्या गावठी जाती दिवस लहान व्हायला लागल्यावरच फुलतात. वेल चढायला जाळी किंवा दोरी हवी.
- वांगी (रोपाचे ३० आणि पुढे ६५ ते ७० दिवस) : सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. नर्सरीतून तयार रोप आणलं तर महिनाभर वाचतो.
- लाल देशी गाजर (९० ते १०० दिवस) : ऑक्टोबरचा पहिला आठवडा.
- ओल्या घाट्यांसाठी हरभरा (८५ ते ९५ दिवस) : ऑक्टोबरचा दुसरा आठवडा.
- मटार (६५ ते ७५ दिवस) : ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात.
- मुळा (४० ते ४५ दिवस) : नोव्हेंबरअखेर.
- पालक, मेथी, कोथिंबीर (३० ते ४० दिवस) : डिसेंबरचा पहिला आठवडा.
- कांद्याची पात (२० ते २५ दिवस) : डिसेंबरचा तिसरा आठवडा. घरातले कोंब आलेले कांदेच मातीत खोचायचे.

जात आणि हवामान यांनुसार यात आठ-दहा दिवस इकडेतिकडे होणारच. पण यादी खाली-वर करून पाहिली की एक गोष्ट कळते. मुळं आणि शेंगा यांना आधी जागा द्यायची, पालेभाज्या मागून आल्या तरी चालतं.

कुंडी, माती आणि ऊन

पालेभाजीला ६ इंच खोलीचा पसरट ट्रे पुरतो. गाजर-मुळ्याला १० ते १२ इंच खोली लागते. वांगं, कोबी, फ्लॉवर यांना एका रोपाला १२ ते १५ इंचांची एक कुंडी.

माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट हे तिन्ही सारख्या प्रमाणात घेतलं की काम होतं. नुसती काळी माती कुंडीत घट्ट बसते, पाणी धरून ठेवते. गाजराच्या कुंडीत खडे आणि ताजं शेण अजिबात नको, नाहीतर गाजराला दोन-तीन पाय फुटतात.

उन्हाचं गणितही हिवाळ्यात बदलतं. सूर्य दक्षिणेकडे सरकतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येतं आणि उत्तरेकडच्या गॅलरीत जवळपास येतच नाही. पालेभाज्या चार तासांच्या उन्हावर निभावतात. गाजर, मटार, वांगी यांना मात्र पाच-सहा तास ऊन हवंच.

गच्चीवर करणार असाल तर आणखी एक हिशोब करा. ओल्या मातीनं भरलेली २० लिटरची बादली सहज २५ किलोच्या पुढे जाते. अशा वीस बादल्या एका कोपऱ्यात म्हणजे अर्धा टन. सोसायटीची परवानगी घ्या, वजन भिंतीच्या कडेनं विभागून ठेवा आणि कुंड्यांखाली विटा किंवा स्टँड द्या, म्हणजे पाणी साचून स्लॅब ओला राहणार नाही.

बी विकतच आणायला हवं का?

सगळं नाही. डब्यातले मेथीदाणे आणि धणे उगवतात. आख्खा गावरान हरभरा उगवतो, डाळ उगवत नाही. धणे मात्र हलकेच रगडून दोन भाग करा आणि रात्रभर भिजवा, कारण एका धण्यात दोन बिया असतात. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, कोथिंबिरीला आठ ते बारा दिवस लागतात, थंडी जास्त असेल तर त्याहूनही जास्त. तेवढा धीर धरा. माती उकरून बघू नका.

गाजर, मटार, कोबी यांचं बी मात्र दुकानातून आणा, म्हणजे जात आणि मुदत कळते. या पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळसर रंगाचं असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. ते हाताळल्यावर हात धुवा, मुलांपासून दूर ठेवा आणि उरलेलं बी चुकूनही स्वयंपाकात वापरू नका.

गाजर आणि मुळा जिथे पेराल तिथेच वाढू द्या. उपटून दुसरीकडे लावले की मूळ वाकडं होतं. रोपं बोटभर झाली की विरळणी करा, दोन गाजरांत दोन इंच तरी अंतर राहायला हवं. जीवावर येतं, पण दाट ठेवलं तर एकही पोसत नाही.

ऑक्टोबर हीटमध्ये पेरलेल्या कुंडीवर बी उगवेपर्यंत ओलं गोणपाट टाका आणि कोंब दिसताच काढून घ्या. थंडी पडल्यावर पाणी कमी लागतं. बोट मातीत घालून बघा, वरचा इंचभर थर कोरडा असेल तरच पाणी द्या, तेही सकाळी. रात्रभर ओली राहिलेली पानं बुरशीला आमंत्रण देतात.

मावा दिसला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा. तरी हटला नाही तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. कोबीवरच्या अळ्या हातानं वेचणं हाच सर्वांत खात्रीचा उपाय.

खरी गंमत काढणीत आहे

एवढं सगळं करून बरेच जण शेवटी गडबड करतात. एकतर सगळं एकदम उपटतात, नाहीतर ‘अजून मोठं होऊ दे’ म्हणून ठेवून देतात. प्रत्येक भाजीची वेळ वेगळी असते.

पालक : बाहेरची मोठी पानं खुडा, मधला गाभा ठेवा. एकाच रोपाचे चार-पाच तोडे मिळतात.

मेथी आणि कोथिंबीर : बाजारासारखी मुळासकट उपटू नका. मातीपासून दोन इंच ठेवून कात्रीनं कापा, पुन्हा फुटवा येतो. दुसरा तोडा पहिल्याइतका भरत नाही, पण फोडणीपुरता नक्की होतो. दर दहा-बारा दिवसांनी थोडं थोडं बी टाकत राहिलात तर फेब्रुवारीपर्यंत खंड पडणार नाही.

हरभरा : साधारण महिन्याचा झाला की शेंडे खुडा. झाडाला जास्त फांद्या फुटतात आणि तुम्हाला हरभऱ्याची भाजी मिळते. पाल्यावर आंब असते, म्हणजे मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. भाजीची आंबट चव तिचीच. मात्र फुलं आल्यावर खुडणं थांबवा, नाहीतर घाटे मिळणार नाहीत.

मुळा : वेळेत काढा. राहिला तर आतून जाळी धरतो. एखाद-दोन मुळे मुद्दाम ठेवा. त्यांना फुलं येतील, मग शेंगा. त्याच डिंगऱ्या. कोवळ्या असताना त्यांची झक्कास भाजी होते.

गाजर : मातीच्या वर गाजराचा खांदा दिसायला लागला की माती बोटानं सारून जाडी बघा. आदल्या दिवशी पाणी द्या, म्हणजे काढताना तुटत नाही.

मटार : शेंग भरलेली पण अजून चकचकीत हिरवी हवी. तोडल्यापासून दाण्यातल्या साखरेचं स्टार्चमध्ये रूपांतर व्हायला लागतं, म्हणून तोडल्या दिवशीचा मटार सगळ्यात गोड.

वांगं : चमक आहे तोवर देठासह कात्रीनं कापा. चमक गेली म्हणजे आत बी जून व्हायला लागलं.

फ्लॉवर आणि कोबी : फ्लॉवरचा गड्डा मुठीएवढा झाला की बाहेरची पानं त्यावर बांधा, रंग पांढरा राहतो. फुलं सुटी व्हायच्या आत कापा. कोबी दाबून बघा, घट्ट लागला की तयार.

पण यातून पैसे वाचतात का?

खरं सांगायचं तर फार नाही. कारण साधं आहे. तुमच्या कुंडीत मेथी तयार होते तेव्हा शेतातही झालेली असते, बाजारात आवक वाढलेली असते आणि जुडी स्वस्त असते. पहिल्या वर्षी कुंड्या-मातीचा खर्चच जास्त असतो. १२ इंचांच्या कुंडीत आठ-दहा गाजरं येतील, एका कुंडीत फ्लॉवरचा एकच गड्डा आणि हरभऱ्याच्या सात-आठ रोपांतून मूठ-दोन मूठ सोलाणे. चार माणसांची भोगीची भाजी त्यावर पूर्ण होणार नाही, त्यात बाजारातली भर टाकावीच लागेल.

म्हणून जागा कमी असेल तर निवड हुशारीनं करा. बाजारात स्वस्त आणि चांगलं मिळतं ते तिथूनच आणा. कुंडीची जागा अशा गोष्टींना द्या ज्या विकत मिळत नाहीत किंवा मिळाल्या तरी तशा ताज्या नसतात. हरभऱ्याचा कोवळा पाला, डिंगऱ्या, तोडल्या दिवशीचा मटार, आणि आमटी उकळत असताना जाऊन खुडून आणलेली चार काड्या कोथिंबीर.

उशीर झालाय?

नोव्हेंबर लागला असेल तर गाजराचा हट्ट सोडा, मटार आणि मुळा लावा. डिसेंबर असेल तर पालेभाज्या आणि कांद्याची पात. भोगीला आठवडाच उरला असेल तर ट्रेमध्ये मेथीदाणे दाट पेरा. सात-आठ दिवसांत दोन पानांवर आलेली मेथी कापून तव्यावर लसणाची फोडणी द्या. बाजरीच्या भाकरीसोबत तीही चालते. आणि पुढच्या वर्षीसाठी फोनमध्ये सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याचं रिमाइंडर आत्ताच लावून ठेवा.