कांजीच्या कडेचीं बारीक अक्षरें

जपानी चित्रकथांस तिकडे ‘मंगा’ म्हणतात. नवशिक्या वाचकाची फजिती तें पुस्तक उघडतांनाच होते. त्यास जें शेवटचें पान वाटतें, तें पहिलें असतें. मजकूर वरून खालीं उतरतो, ओळी व चौकटी उजवीकडून डावीकडे जातात. परदेशी प्रकाशकांनीं आरंभीं चित्रें आरशांतल्याप्रमाणें उलटीं छापून ही अडचण टाळली. परंतु त्यामुळें सामुराई डावखुरे झाले आणि किमोनोची उजवी बाजू डावीवर आली. जपानांत तसा पोशाख प्रेतास घालतात! पुढें बहुतेकांनीं तो उपद्व्याप सोडला, हें बरें झालें.

लिपि मात्र मराठी वाचकास अगदींच परकी नाहीं. हिरागाना व काताकाना या दोन अक्षरमाला, प्रत्येकींत मूळ अक्षरें ४६. क्रम अ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णाभ्यासाचा हा ठसा होय. ‘हा’ हें अक्षर पवर्गाच्या जागीं बसलें आहे, कारण प्राचीन काळीं त्याचा उच्चार ‘पा’ होता.

खरा डोंगर कांजींचा, म्हणजे चिनी अक्षरांचा. नित्य वापराच्या सरकारी यादींत १९४६ सालीं अशीं १८५० अक्षरें होतीं. २०१० पासून तीं २१३६ आहेत. इतकीं अक्षरें न येणाऱ्या मुलानें गोष्ट वाचावी कशी? यासाठीं कांजीच्या उजव्या कडेस तिचा उच्चार बारीक हिरागानांत छापतात. त्यास ‘फुरिगाना’ म्हणतात. १८७४ सालीं निघालेल्या ‘योमिउरी’ पत्रानें याच सोयीवर सामान्य वाचक मिळविला.

तरीही १९३८ सालीं कादंबरीकार यामामोतो यूझो यांनीं ही पद्धत बंद करावी, असें प्रतिपादिलें. लेखकानें मुळांतच सोपें लिहावें, हा त्यांचा आग्रह. १९४६ च्या यादीबरोबर सरकारनेंही फुरिगाना सामान्यतः वापरूं नये, असें सांगितलें. विचार उदात्त खरा. पण शब्द अडलेल्या मुलास त्याचा काय उपयोग? मोठ्यांच्या छापील मजकुरांतून हीं अक्षरें बरीच ओसरलीं, मुलांच्या चित्रकथांत मात्र तीं टिकलीं. १९६८ सालीं निघालेल्या ‘शोनेन जंप’मध्यें तीं आजही दिसतात.

परदेशी विद्यार्थ्यास याचा मोठाच लाभ. उच्चार दिसला कीं शब्द कोशांत लगेच सांपडतो. एरव्हीं कांजीचे फराटे मोजीत बसावें लागतें. चित्रांतच रेखाटलेल्या ध्वनींस तर कांजीही लागत नाहीं. तेथें बहुधा काताकाना असतें. त्यांतला ‘शीऽन्’ हा चमत्कारिक ध्वनि नवख्यास हमखास चकवितो, कारण तो आहे निःशब्दतेचा.