बर्फ पडायचा थांबला की हिमस्खलनाचा धोका संपतो का?

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपवर केदारकंठाचे फोटो फिरायला लागतात. निळंशार आकाश, गुडघाभर पांढरा बर्फ, मागे शिखरांची रांग. काल दिवसभर बर्फ पडत होता, आज हवा उघडली, म्हणजे आता वर जायला हरकत नाही, असं अनेकांना वाटतं. हिमस्खलनाच्या बाबतीत हा हिशोब चुकीचा आहे. बर्फ पडत असताना आणि तो थांबल्यानंतरचे पहिले २४ ते ४८ तास सर्वात धोक्याचे मानले जातात. आणि तंबूत अडकलेली माणसं बाहेर पडतात तीही नेमकी याच वेळेत.

बर्फाच्या पोटात काय चाललेलं असतं?

डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक हिमवृष्टीचा वेगळा थर बसतो, एखाद्या चळतीसारखा. पश्चिम हिमालयात हिवाळ्यात बर्फ येतो तो मुख्यतः पश्चिमी झंझावातांमुळे. दोन झंझावातांच्या मध्ये अनेक दिवस कोरडे आणि रात्री कडाक्याच्या थंडीच्या जातात. खरी गडबड या शांत दिवसांत होते.

बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते, वरची हवा मात्र उणे दहा, उणे पंधरा. या फरकामुळे खालची वाफ वर सरकत राहते आणि तळाच्या बर्फाचे कण बदलतात. ते मोठे, टोकदार आणि सुटे होतात. मुठीत घेतले तर साखरेसारखे घरंगळतात, त्यांचा गोळा होत नाही. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो तेव्हा हे जास्त घडतं. पुढे जानेवारीत त्यावर दोन-तीन फूट नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो. वर कडक लादी, खाली सुटी साखर. वरून पाहणाऱ्याला फक्त गुळगुळीत उतार दिसतो.

अशा ठिकाणी एका माणसाचं वजन पुरतं. पायाखालचा कमकुवत थर बसतो, तडा क्षणात दूरवर धावतो आणि अख्खी लादी सुटते. काही सेकंदांत तिचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदी सांगतात की, हिमस्खलनात सापडणाऱ्या दहापैकी सुमारे नऊ गिर्यारोहक-स्कीपटूंच्या बाबतीत ते स्खलन त्यांनीच किंवा त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेलं असतं. म्हणजे प्रश्न फक्त 'वरून काही येईल का' इतकाच नसतो.

सह्याद्रीची सवय इथे फसवते

सह्याद्रीत कडा जितका उभा तितकी भीती जास्त, हे साधं गणित आहे. बर्फात ते चालत नाही. अगदी उभ्या भिंतीवर बर्फ साचतच नाही, थोडा थोडा गळून जातो. घातक ठरतात ते ३० ते ४५ अंशांचे उतार, त्यातही ३८ अंशांच्या आसपासचे. अंदाजासाठी घरातला जिना आठवा, तो साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. म्हणजे जो उतार 'चढायला बरा' वाटतो, तोच संशयाचा. मोबाइलमधल्या कोन मोजणाऱ्या अ‍ॅपनेही हे तपासता येतं, पण फोटो काढताना फोनचा हा उपयोग क्वचितच कुणाला आठवतो.

दुसरी सवय घळीची. सह्याद्रीत अनेक वाटा नाळेतून किंवा घळीतून चढतात. बर्फात घळ म्हणजे दोन्ही बाजूंनी आणि वरून येणाऱ्या बर्फाची पन्हळ. तिथे त्यामानाने सुरक्षित असते ती डोंगराची धार किंवा सोंड, तीही वाऱ्याने बाहेर झुकलेल्या बर्फाच्या छज्जापासून लांब राहून. दाट जंगलही बरं, कारण झाडं बर्फ धरून ठेवतात. पण जंगलाच्या मधोमध झाडं नसलेला सरळ पट्टा दिसला, तर तिथली झाडं कुणी तोडली असतील असं गृहीत धरू नये.

अनुभवी लोक सापडत नाहीत का?

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमधल्या 'द्रौपदी का डांडा-२' या ५,६७० मीटर उंच शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. ही प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी होती, सोबत प्रशिक्षक होते. २७ मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. मृतांमध्ये प्रशिक्षक सविता कंसवालही होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरं सर केली होती. हा अपघात ऑक्टोबरमधला आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. उंचावर हिवाळा कॅलेंडर पाहून सुरू होत नाही.

आणि डोंगर चढायलाच हवा असंही नाही. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये गंगटोकहून नाथुलाकडे जाणाऱ्या रस्त्याजवळ सात पर्यटकांचा बळी गेला. परवाने तेराव्या मैलापर्यंतचे होते, पर्यटक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते, असं पोलिसांनी सांगितलं होतं.

गाडला गेलेला माणूस किती वेळ तग धरतो?

पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं, तर दहापैकी साधारण नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटला की हे प्रमाण तिघांत एकावर येतं. बहुतेकांचा जीव गुदमरून जातो. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळतो, हातही हलवता येत नाही.

सियाचीनचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड हे अपवाद होते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सुमारे १९,६०० फुटांवरच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यात साताऱ्याचे सुनील सूर्यवंशीही होते. हनुमंतप्पा काही दिवसांनी जिवंत सापडले, पण ११ फेब्रुवारीला त्यांचं निधन झालं.

हेलिकॉप्टर पंधरा मिनिटांत पोहोचत नाही. त्यामुळे वाचवू शकतात ते फक्त सोबतचे लोक, आणि तेही साधनं असतील तर. साधनं तीन: सिग्नल देणारा आणि शोधणारा बीकन, बर्फात खुपसून पाहायची लांब काठी म्हणजे प्रोब, आणि धातूचं फावडं. तिन्ही प्रत्येकाकडे हवीत. एकट्या गाइडकडे असून भागत नाही, कारण गाडला जाणारा गाइडच असू शकतो.

इशारा कोण देतं?

भारतात हे काम चंदीगडची 'डीजीआरई' ही डीआरडीओची प्रयोगशाळा करते. २७ फेब्रुवारी २०२५ च्या संध्याकाळी तिने चमोलीसह उत्तराखंडच्या काही जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वर धोका असल्याचा इशारा दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीनाथजवळच्या माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या कामावरच्या मजुरांची छावणी गाडली गेली. ५४ पैकी ४६ जण वाचले, आठ दगावले. वाचलेल्यांतले अनेक जण लोखंडी कंटेनरमध्ये होते.

हे इशारे जिल्हा आणि उंचीनुसार असतात. समोरच्या उताराचा निर्णय जागेवरच घ्यावा लागतो. चालताना पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज आला, पावलापासून भेग पळाली किंवा शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, तर तिथून मागे फिरायचं. उतार ओलांडायचाच असेल तर एकेकाने, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून नजर ठेवायची. मार्च-एप्रिलमध्ये दुपारच्या उन्हाने बर्फ ओला आणि जड होतो, म्हणून गिर्यारोहक रात्री दोन-तीनला निघून उन्हं चढायच्या आत परततात.

ट्रेकचे पैसे भरण्याआधी आयोजकांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: बीकन किती जणांना देणार, आणि ट्रेक मध्येच सोडून मागे फिरावं लागलं तर निर्णय कोणाचा असेल.