रोख रकमेचा वक्फ
वक्फ म्हटले की जमीनजुमला आठवतो. पण रोख रकमेचाही वक्फ होतो, श्रोतेहो! मुद्दल राखायचे, उत्पन्नातून धर्मादाय चालवायचा. सोळाव्या शतकात इस्तंबूलमध्ये त्यावरून वाद पेटला. पैसा तर हातोहात सरतो, मग तो कायमचा कसा? शिवाय कर्जाऊ देऊन मिळालेले उत्पन्न म्हणजे व्याजच ना? शेखुल इस्लाम एबुस्सूद यांनी लोकरूढी मानून परवानगी दिली. बिर्गिवी विरोधातच राहिले.

आपल्याकडे मुंबईचे प्रतिनिधी बॅरिस्टर जिना यांनी पुढाकार घेतलेल्या १९१३ च्या कायद्यात ‘कोणतीही मालमत्ता’ असे शब्द आले. हेतू खरे तर कौटुंबिक वक्फ वाचवण्याचा! १९५४ च्या कायद्याने जंगम मालमत्ता स्पष्टच नमूद केली. व्याजाची अडचण मात्र कायद्याने सुटणारी नव्हती. इंडोनेशियाने २०२० मध्ये अशी रक्कम व्याजमुक्त सरकारी सुकूक रोख्यांत गुंतवण्याची वाट काढली.